वाजणारी स्लीव्ह: २.५ मिमी भिंतीच्या जॉबला आधार देण्याचं एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉब शॉपला मोटर हाउसिंगच्या अ‍ॅल्युमिनियम स्लीव्हची (पातळ नळीसारख्या भागाची) ऑर्डर मिळाली. ड्रॉइंगमध्ये भिववणारं काही नव्हतं. मटेरियल ६०६१-टी६ (उष्णतेने कडक केलेला मिश्रधातू), बाहेरचा व्यास १६० मिमी, लांबी १४० मिमी. एका टोकाला १९० व्यासाचा, १२ मिमी जाड फ्लँज (बाहेर आलेला चपटा कठडा) आणि त्यात बोल्टची सहा भोकं. दुसरं टोक उघडं. बाहेरच्या व्यासाला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शून्य ते उणे ४० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारांश), गोलाई ३० मायक्रॉनच्या आत, फिनिश आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) १.६. अडचण एकाच आकड्यात होती: भिंत २.५ मिमी.

लेथवर रफिंग (सुरुवातीचं जाडंभरडं कापणं) बिनबोभाट झालं. फिनिशिंगला (शेवटच्या बारीक कटला) टूल उघड्या तोंडाकडून शिरलं की जॉब (कापला जाणारा भाग) किंचाळायला लागायचा आणि टूल फ्लँजकडे सरकेल तसा आवाज बसत जायचा. उतरवलेली स्लीव्ह ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की तोंडापासून निम्म्याहून जास्त लांबीवर बारीक लाटा दिसायच्या. फ्लँजजवळचा पट्टा मात्र स्वच्छ. टूलिंगच्या कामासाठी माझं त्या शॉपमध्ये जाणं-येणं असतं, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं. तोवर शॉपने आपल्या परीने बरंच काही करून पाहिलं होतं.

आधी काय काय करून झालं होतं

जॉब वाजला की पहिला हात चकच्या (जॉब धरणाऱ्या पकडीच्या) प्रेशरकडे जातो. इथेही तसंच झालं. ‘साहेब, अजून थोडा आवळतो, बसेल आवाज,’ असं म्हणून ऑपरेटरने प्रेशर वाढवलं आणि आवाज थोडा बसलाही. पण तो लॉट असेंब्लीवरून परत आला, कारण स्लीव्हवर येणारी रिंग बसत नव्हती. इन्स्पेक्शनने मायक्रोमीटर लावला तर व्यास सगळीकडे टॉलरन्समध्ये. ग्राहक म्हणतो जॉब गोल नाही, शॉप म्हणतं रिपोर्ट बघा.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. चकच्या तीन जॉमध्ये (जबड्यांमध्ये) पातळ जॉब आवळला की तीन ठिकाणी तो आत दबतो आणि मधल्या तीन ठिकाणी बाहेर फुगतो. त्या दबलेल्या अवस्थेत टूल त्याला गोल कापतं. चक सोडला की भिंत मूळ जागी येते आणि गोलाई तीन पाकळ्यांची होते. समोरासमोरच्या दोन बिंदूंत मोजणारा मायक्रोमीटर हा दोष पकडूच शकत नाही, कारण जिथे एका बाजूला फुगवटा असतो तिथे बरोबर समोर खळगा असतो आणि बेरीज तेवढीच राहते. तीच स्लीव्ह ६० अंशांच्या व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात) ठेवली, वर डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) टेकवला आणि हाताने फिरवली, तर हा दोष डायलवर तिप्पट होऊन दिसतो. पातळ जॉब करणाऱ्या प्रत्येक शॉपच्या इन्स्पेक्शन टेबलावर असा एक व्ही-ब्लॉक हवा. सीएमएम (मापं घेणारं संगणकी यंत्र) असली तरी हवा, कारण सीएमएमपाशी नेहमी रांग असते.

दुसरा उपाय आरपीएम उतरवण्याचा. ६०० वरून ४०० वर आणलं, लाटा तरीही होत्या, फक्त जवळजवळ आल्या. तिसरा उपाय फिनिशिंगची डेप्थ कमी करण्याचा: ०.३ वरून ०.१ मिमी. वरवर पाहता ते बरोबर वाटतं, कारण कमी कापलं म्हणजे कमी जोर. प्रत्यक्षात आवाज वाढला. इन्सर्टचा (टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याचा) नोज रेडियस, म्हणजे टोकाच्या वळणाची त्रिज्या, ०.८ मिमी होता. डेप्थ त्या रेडियसच्या मानाने इतकी कमी असली की कापण्याचं सगळं काम नोजच्या वळणावर होतं आणि जोर जॉबच्या अक्षाच्या दिशेने न जाता थेट भिंतीवर, आरपार दिशेने येतो. म्हणजे भिंत ज्या दिशेला सगळ्यात कमकुवत, नेमकी तीच दिशा. शिवाय इतक्या उथळ कटला टूल धड कापत नाही, घासतं.

लाटा मोजल्या

उपाय सुचवण्याआधी आवाज कोणाचा आहे हे ठरवणं भाग होतं. स्पिंडलचं (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, टूलहोल्डर, टरेट (टूल बसवायचं फिरतं डोकं), जॉब: चौघांपैकी कोणीही वाजू शकतं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

स्लीव्ह चकमध्येच ठेवून मशीन बंद केलं. लाटा असलेल्या भागावर बटर पेपरची पट्टी गुंडाळली आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली. कागदावर लाटांच्या रेघा उमटल्या. एकेक रेघ मोजली तर चूक होते, म्हणून वीस रेघांचं अंतर घेतलं: ७८ मिमी. म्हणजे एक लाट ३.९ मिमीची. ६०० आरपीएमला १६० व्यासाचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ५०२७ मिमी सरकतो. त्याला ३.९ ने भागलं की येतात सेकंदाला साधारण १२९० हेलकावे.

मग ४०० आरपीएमवर कापलेली स्लीव्ह घेतली. तिथे वीस लाटा ५२ मिमीत बसल्या, म्हणजे एक लाट २.६ मिमी. पृष्ठभागाचा वेग ३३५१ मिमी प्रतिसेकंद. भागाकार पुन्हा १२९० च्या आसपासच.

सगळा निकाल इथेच लागला. आरपीएम बदलूनही वारंवारता हलली नाही. चकचा रनआउट (फिरताना होणारं डगमगणं) किंवा स्पिंडलचं असंतुलन कारणीभूत असतं तर वारंवारता आरपीएमबरोबर खाली-वर झाली असती. ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १० फेऱ्या, तीन जॉचे ठोके धरले तरी ३०. १२९० च्या जवळपास फिरकणारं यात काही नाही. वाजणारी वस्तू आरपीएमला भीक घालत नव्हती, म्हणजे ती स्वतःच्या सुरात वाजत होती. खात्रीसाठी टूल मागे घेऊन, स्पिंडल थांबवून, स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने स्लीव्हच्या तोंडावर टिचकी मारली आणि मोबाइलवर आवाजाचं विश्लेषण करणारं फुकटचं अ‍ॅप लावलं. सगळ्यात उंच शिखर १२५० हर्ट्झच्या आसपास आलं. कापताना उठणारा चॅटर (ही थरथर) जॉबच्या नैसर्गिक वारंवारतेच्या किंचित वर बसतो, त्यामुळे दोन आकड्यांतला फरकही जुळला.

यामागची यंत्रणा अशी. एका फेरीत भिंत थरथरली की पृष्ठभागावर लाट उमटते. पुढच्या फेरीत टूलसमोर तीच लाट येते, चिपची जाडी कमी-जास्त होते, त्याबरोबर जोर कमी-जास्त होतो आणि भिंतीला पुन्हा धक्का बसतो. धक्क्याची वेळ जुळली की प्रत्येक फेरीला थरथर वाढत जाते. भिंत पातळ असली की हे फार सहज घडतं, कारण भिंतीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर चालतो. ५ मिमीची भिंत २.५ केली की तो विरोध निम्मा नाही, एक अष्टमांश उरतो. रफिंगला गप्प असलेला जॉब फिनिशिंगला का बोंबलतो, याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

टिचकीच्या चाचणीत आणखी एक गोष्ट कानावर आली, आणि पुढचा सगळा विचार तिच्यावरच उभा राहिला. टिचकी मारल्यावर स्लीव्ह बराच वेळ घुमत राहायची. तोंडाच्या कडेला एक बोट नुसतं टेकवलं की आवाज जागीच मरायचा. बोटाने भिंत किती ताठ होणार? जवळजवळ शून्य. बोट थरथरीतली ऊर्जा शोषून घेतं, बास. या जॉबला हवा होता तो आधार या जातीचा: भिंतीला सगळीकडून हलका टेकणारा, तिची थरथर गिळणारा, पण तिला ढकलणारा नव्हे. (हे बोट फक्त थांबलेल्या स्पिंडलवर. फिरत्या जॉबला हात लावून आवाज बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत, म्हणून लिहितो.)

आत काय भरायचं

बाहेरून टर्निंग करायचं तर आधार आतून हवा. पहिली सूचना शॉपच्या मालकांचीच होती: मेण ओता. कल्पना जुनी आणि चांगली आहे. आपल्याकडचे सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतात ती याचसाठी, ठोकताना पत्रा आत बसू नये म्हणून. पण नुसतं पॅराफिन मेण गोठताना बरंच आकसतं आणि नेमकं भिंतीपासून सुटतं; सुटलेलं मेण काही शोषत नाही. त्यात राळ किंवा शंखजिऱ्याची पूड मिसळली तर आकसणं कमी होतं. पण प्रत्येक जॉब तापवा, ओता, थंड होऊ द्या, पुन्हा तापवून रिकामा करा, मग धुवा. शिवाय गरम जॉबवर फिनिश कट घेता येत नाही. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे १६० च्या व्यासावर दहा अंशांचा फरक ३७ मायक्रॉनचा. सगळी टॉलरन्स तिथेच संपली. दोन-चार नगांसाठी मेण ठीक आहे. महिन्याच्या लॉटला नाही.

कमी तापमानाला वितळणारे मिश्रधातू हा दुसरा पर्याय. साधारण ७० अंशांना वितळणारा वुड्स मेटल जुन्या टूलरूममध्ये अजून सापडतो, पण त्यात शिसं आणि कॅडमियम आहे. तो मी बाजूलाच ठेवला. बिस्मथ-कथिलाचा मिश्रधातू १३८ अंशांना वितळतो आणि मेणासारखा आकसत नाही. पण महाग, वजनदार, आणि ओतण्या-काढण्याची कटकट मेणाचीच.

टेलस्टॉकने (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराने) तोंडात टेपर (निमुळता) प्लग दाबायचा, हेही कोणीतरी सुचवलं. टेपर प्लग तोंड फाकवतो. चकच्या तीन पाकळ्या गेल्या आणि तुतारीचं तोंड आलं, असा तो सौदा.

फाकण्यावरून एक हिशेब करून घेतला, कारण आतून किती दाब चालेल याचा शॉपमध्ये कोणालाच अंदाज नव्हता. गोल पातळ भिंतीला आतून सगळीकडे सारखा दाब दिला तर त्रिज्या किती वाढते, याचं सूत्र सोपं आहे: दाब गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले मटेरियलचा स्थितिस्थापकता गुणांक आणि जाडी यांचा गुणाकार. या स्लीव्हला फक्त १ बार दाब दिला तर व्यास सुमारे ७ मायक्रॉन वाढतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये याच्या साधारण दुप्पट हवा असते. म्हणजे आधाराचा दाब बारच्या अपूर्णांकात ठेवायला हवा आणि तो दर वेळी तेवढाच यायला हवा. ‘घट्ट बसला की झालं’ हे माप इथे चालणार नव्हतं.

पीयू रिंगांचा मॅन्ड्रेल

शेवटी ठरला तो मॅन्ड्रेल, म्हणजे जॉबच्या आत बसणारा आधार, असा. मधोमध एक स्टड, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या, आणि दर दोन चकत्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनची (पीयूची, रबरासारख्या प्लॅस्टिकची) जाड रिंग. अशा तीन रिंगा, प्रत्येकीचा व्यास बोअरपेक्षा (आतल्या पोकळीपेक्षा) थोडा कमी, त्यामुळे मॅन्ड्रेल हाताने सहज आत सरकतो. टोकाचा नट आवळला की चकत्या जवळ येतात. पीयूचं आकारमान दाबून कमी होत नाही, त्यामुळे ते बाजूला फुगतं आणि बोअरला सगळीकडून टेकतं. हा मॅन्ड्रेल मशीनला कुठेही जोडलेला नाही. तो जॉबच्या आत बसतो आणि जॉबबरोबर फिरतो. त्याचं काम पकडण्याचं नाही, थरथर गिळण्याचं आहे.

रिंगांच्या खरेदीत दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. कडकपणा ९० शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप), कारण फार मऊ रिंग चकत्यांच्या फटीत शिरते. आणि पॉलिइथर जातीचंच पीयू घ्यायचं. पॉलिएस्टर जातीचं पीयू पाण्याच्या सततच्या संपर्कात हळूहळू सडतं, आणि पाण्यात मिसळायचं कूलंट म्हणजे बहुतेक पाणीच.

नट किती आवळायचा, हे डायलने ठरवलं. स्लीव्हच्या बाहेर, तोंडाजवळ, मायक्रॉनचा डायल टेकवला आणि नट थोडा थोडा फिरवत गेलो. रिंगा भिंतीला टेकेपर्यंत काटा हलत नाही. टेकल्यावर तो सरकायला लागतो. त्रिज्येत दीड-दोन मायक्रॉन, म्हणजे साधारण अर्धा बार, इथे थांबायचं. त्या वेळचा टॉर्क नोंदवून टॉर्क रेंच त्यावर सेट केला आणि रेंच त्या फिक्श्चरच्या पेटीतच ठेवायला सांगितला. रात्रपाळीला वेगळा हात आला की वेगळा दाब येतो. जिथे एका बारला व्यास ७ मायक्रॉन हलतो तिथे हाताच्या अंदाजावर काम सोडण्यात अर्थ नव्हता.

पुन्हा टिचकी मारली. घुमणं गेलं होतं, नुसता ‘टक’ असा आवाज. अ‍ॅपवरचं उंच शिखर बसून रुंद टेकाड झालं होतं.

पकड आणि क्रम

आतला आधार कितीही चांगला असला तरी चक जर जॉबला तिकोनी करत असेल तर उपयोग नाही. फ्लँजमध्ये बोल्टची भोकं होतीच. मग जॉची पकड काढून टाकली आणि फ्लँज फेसप्लेटवर (स्पिंडलला जोडलेल्या सपाट तबकडीवर) बोल्टने बसवला. जोर आता अक्षाच्या दिशेने, भिंतीकडे त्याचं काही जात नाही. एक अट मात्र आली: फ्लँजचा मागचा चेहरा सपाट हवा. तो थोडा जरी वाकडा असेल तर बोल्ट त्याला ओढून सपाट करतात, त्याबरोबर १४० मिमी लांबची तोंडाची कड हलते, आणि बोल्ट सोडले की परत जाते. म्हणून रफिंगनंतर त्या चेहऱ्यावर एक हलका कट वाढवला. बोल्ट आवळताना तोंडावर डायल ठेवायचा; काटा हलला तर जॉब उतरवून फ्लँज पुन्हा तपासायचा.

क्रम असा ठेवला: आतून-बाहेरून रफिंग, प्रत्येक बाजूला दीड मिमी जादा ठेवून. मग जॉब सोडून रात्रभर राहू द्यायचा. मग फ्लँजचा चेहरा, मग बोअर फिनिश, आणि सगळ्यात शेवटी मॅन्ड्रेल घालून बाहेरचा व्यास. बोअर आधी, कारण त्या वेळी बाहेरचा दीड मिमी अजून अंगावर असतो आणि भिंत ४ मिमीची असते. तरीही बोअरिंगला हलका आवाज यायचाच. तिथे आतून बोअरिंग बार फिरत असल्याने आधार बाहेरूनच देणं शक्य होतं.

त्यासाठी वापरली ती सायकलची ट्यूब. उभी कापून पट्टी केली आणि स्लीव्हभोवती एकावर एक दोन थर गुंडाळले. ऐकून कोणी हसलं तर ब्रेक ड्रम टर्निंग करणाऱ्या गॅरेजमध्ये जाऊन बघावं. तिथे ड्रमच्या बाहेरून रबराचा जाड पट्टा आवळलेला असतो, तो याच कारणासाठी. फक्त ट्यूब गुंडाळताना ताणायची नाही. ताणलेली ट्यूब भिंतीला बाहेरून दाबते आणि मघाचाच हिशेब उलट्या दिशेने लागू होतो. शेवटचं टोक मात्र चांगलं बांधायचं: ६०० आरपीएमला त्या व्यासावर प्रत्येक गोष्ट आपल्या वजनाच्या ३२ पट जोराने बाहेर ओढली जाते. सुटलेली ट्यूब दरवाजाच्या काचेवर आपटते आणि ऑपरेटरचा पहिल्याच दिवशी या उपायावरचा विश्वास उडतो.

टूलमध्ये बदल थोडेच, पण महत्त्वाचे. नोज रेडियस ०.८ वरून ०.४, अ‍ॅल्युमिनियमसाठीचा धारदार, ग्राइंड केलेला पॉलिश इन्सर्ट, आणि फिनिशिंगची डेप्थ ०.५ मिमी. त्याआधीची जादा एक मिमी एका सेमी-फिनिश कटमध्ये निघते. ०.५ ऐकून ऑपरेटरच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण डेप्थ नोज रेडियसपेक्षा जास्त झाली की कापण्याचं काम इन्सर्टच्या सरळ कडेवर येतं आणि जोराचा मोठा हिस्सा फ्लँजच्या दिशेने, जॉबच्या लांबीत जातो. भिंत त्या दिशेला भरपूर ताठ आहे.

स्पिंडलचा वेग सतत थोडा खाली-वर करत राहण्याची सोय काही लेथवर असते. हास कंपनीच्या मशीनवर ती प्रोग्रॅममधल्या एम३८ या कोडने सुरू होते. मागच्या लाटेची आणि नव्या धक्क्याची वेळ त्याने बिघडते आणि चॅटर वाढत नाही. या शॉपच्या लेथवर ती नव्हती, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. असती तर सगळ्यात आधी तीच करून पाहिली असती, कारण तिला फिक्श्चर लागत नाही.

काय झालं

लाटा गेल्या. आरए १.६ च्या बरीच खाली आली आणि व्ही-ब्लॉकवर दिसणारी तीन पाकळ्यांची तक्रार बंद झाली; गोलाई ३० मायक्रॉनच्या निम्म्यात बसायला लागली. जॉबमागे लोडिंगचा वेळ वाढला, ट्यूब गुंडाळणं आणि मॅन्ड्रेल आवळणं धरून काही मिनिटांचा. मालकांनी त्यावर कुरकुर केली. रिजेक्शनचा हिशेब समोर ठेवल्यावर कुरकुर कमी झाली, बंद झाली नाही.

दोन गोष्टी लगेच सुटल्या नाहीत. पहिली, तोंडाच्या अगदी कडेला काही मिलिमीटरच्या पट्ट्यात पुसट खुणा राहायच्या. शेवटची रिंग कडेपासून आत बसत होती आणि तेवढा काठ उघडा पडत होता. शेवटची चकती पातळ करून रिंग काठाच्या जवळ आणली, तेव्हा त्या गेल्या. दुसरी, काही जॉब रात्रभर ठेवूनही बोअर अंडाकृती व्हायचे. तो दोष आधाराचा नव्हताच, मटेरियलमधल्या ताणांचा होता. पुरवठादाराकडून साध्या टी६ ऐवजी ताणून आतले ताण काढलेलं टी६५११ एक्स्ट्रूजन मागवायला सांगितलं. त्या मटेरियलवर बोअरची तक्रार आली नाही.

सध्या त्या पेटीवर ऑपरेटरने स्वतःच्या हाताने एक सूचना चिकटवली आहे: प्रत्येक लॉटच्या पहिल्या जॉबवर डायल लावून बघायचा, नट ठरलेल्या टॉर्कला आल्यावर काटा दीड मायक्रॉनपर्यंत पोहोचला नाही तर पीयू रिंग चेपली आहे असं समजून बदलायची.